लग्नाच्या दालनातला विलाप

ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही. मानू नकाच. पलीकडच्या गावात सांगितली तेव्हा तिथला पाद्री हसता हसता खुर्चीवरून खाली आला, आणि फरशीवर बसल्या बसल्याही म्हणाला, खोटं आहे. उन्हाळ्यात डोंगरावर निघालेल्या मेंढ्यांना सांगितली तर त्याही मान फिरवून चालू लागतील. पण एव्हांथियाचा आवाज अथेन्समधल्या एका संग्रहालयाने डांबून ठेवला होता, आणि ती तो सोडवून आणायला गेली होती. जसं झालं तसंच सांगायचं आहे. मीठमसाला नाही.

“मिठाशिवाय तुझ्या तोंडाला चव तरी येते का, बार्बा?” असं आपला कॉफीवाला पांदेलीस आता मला म्हाताऱ्याला म्हणणारच, तर ते त्याने मनातच म्हणावं आणि कॉफी आणावी.

तर मिर्सिनीचं लग्न होतं. मिर्सिनी म्हणजे एव्हांथियाच्या भावाची नात. नवरा राजधानीतला. मुलगा वाईट नव्हता, पण येताना सोबत एक गाणीवाला घेऊन आला. वाद्यं नाहीत, माणसं नाहीत. एक संगणक आणि कपाटाएवढे दोन कर्णे. आपल्या क्लॅरिनेटवाल्याला त्यांनी अदबीने सांगितलं, काका, तुम्ही जेवून घ्या. त्या बिचाऱ्याने क्लॅरिनेट मांडीवर आडवी ठेवली आणि बकरीचं मटण असं चावलं की जणू ते त्या गाणीवाल्याचंच होतं.

वधूला घराबाहेर काढायची वेळ झाली. अंगण माणसांनी भरलेलं. एव्हांथिया उंबऱ्याशी उभी होती, हातात तांदूळ आणि साखरेत घोळलेले बदाम. तेवढ्यात तो पोरगा कर्ण्यातून ओरडला, “आणि आता खास तुमच्याच गावचं! संग्रहालयाच्या खजिन्यातलं! अस्सल जुनं लग्नाचं गाणं!”

ढोल सुरू झाला. ढोलावर एका बाईचा आवाज चढला.

एव्हांथियाला आधी वाटलं, काय गाते ही बाई! छाती केवढी असेल हिची! मग शब्द आले. नवरदेव सजला माझा, काळी माती वधू झाली. तिसऱ्या ओळीवर त्या बाईचा श्वास तुटला, आणि एव्हांथियाच्या मुठीतले बदाम उंबऱ्यावर सांडले. तो श्वास तिचा होता. तो तिथेच तुटला होता, कारण त्या वेळी तिच्या जोडीने गाणाऱ्या पोलिक्सेनीने मागून तिचे दोन्ही खांदे धरले होते, नाहीतर ती पेटीत पडली असती.

पेटीत तिचा झीसिस होता.

झीसिसच्या आधीची तिची दोन मुलं पाळण्यातच गेली. म्हणून तिसऱ्याचं नाव झीसिस ठेवलं. झीसिस म्हणजेच ‘जगशील’. हा तरी जगेल. आणि तो जगला, चांगला मिशी फुटेपर्यंत जगला, उंच झाला, वरच्या खाणीत कामाला लागला, आणि एका सकाळी त्याच खाणीतला दगड त्याच्यावर आला. लग्न व्हायचं होतं. अविवाहित पोराला आपल्याकडे कसं निरोप देतात ते इथे कोणाला सांगायला नको. डोक्यावर लग्नाचा मुकुट, अंगावर नवा शर्ट, आणि आईने गायचं ते सगळं लग्नाचंच. वधू म्हणजे माती. वऱ्हाड म्हणजे खांदेकरी. घर म्हणजे ते खालचं, ज्याला खिडकी नसते. शब्द लग्नाचे असतात. केस मोकळे सोडून गायले की मयताचे होतात.

आणि अंगणात मिर्सिनीच्या मैत्रिणी हात धरून नाचत होत्या. कारण गाण्याला ताल फार छान होता. तो ताल कुठून आला होता? झीसिस गेला त्या दिवशी मागच्या परसात सुतार पेटीचं झाकण ठोकत होता. कोणीतरी ते रडणं टेप केलं होतं, त्यात ती हातोडी उतरली होती. गाणीवाल्या पोराने नेमका त्या हातोडीवर ढोल बसवला होता.

नाचणाऱ्यांना काय माहीत! पण जी म्हातारी माणसं होती, ती जागच्या जागी थिजली. पोलिक्सेनीने छातीवर तीन वेळा क्रूस काढला. मिर्सिनीचा आजोबा कर्ण्याकडे धावला तो वायरीत पाय अडकून टेबलावर पडला, आणि लोकांना वाटलं, म्हातारा आताच किती प्यायलाय. शेवटी कर्ण्यातून एव्हांथियाची ती किंकाळी आली, “झीसी! झीसी माझ्या!” आणि गाणीवाल्याने हात वर करून पाहुण्यांना ओरडायला लावलं, “जगा! जगा!” नव्या जोडप्याला आपण म्हणतो ना, जगा, तसं; झीसी कानाला तसंच लागतं. सगळं अंगण ओरडलं. तिच्या मुलाच्या नावाने.

एव्हांथिया आत गेली, दार लावलं, आणि त्या दिवशी तिला पुन्हा कोणी पाहिलं नाही.

नंतर तिने संग्रहालयाला फोन केला. पलीकडे एक पोरगी होती, आवाज अगदी मधाच्या बरणीतून काढल्यासारखा. “अय्या, आजी, तुम्ही त्या? अभिनंदन! तुमचा आवाज आता राष्ट्राचा वारसा आहे!”

“राष्ट्राला सांग, परत दे,” एव्हांथिया म्हणाली.

“तसं होत नाही ना, आजी. पण तुम्ही इथे आलात तर तुम्हाला तिकीट पडणार नाही.”

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणतात ते काय असतं, ते त्या दिवशी तिच्या स्वयंपाकघराने पाहिलं. चुलीत लाकूड नव्हतं, तरी वरचं भांडं उकळायला लागलं. ती, पोलिक्सेनी आणि हाइडो अशा तिघी निघाल्या. पोलिक्सेनीला तुम्ही ओळखता, दरवाजातून तिरकी होऊन जावं लागतं तिला. हाइडो तिच्या निम्मी, पण जीभ दुप्पट. आपल्याकडे असं गाणं एकटीने होत नाही. एकीने उचलायचं, दुसरीने वळवायचं, तिसरीने खालचा सूर सोडायचा नाही. झीसिसच्या वेळीही त्याच तिघी होत्या.

बसमध्ये तिघी ओळीने बसल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या रागाने बसचं इंजिन असं तापलं, की ड्रायव्हरने खिंडीच्या पायथ्याशी पाय उचलला तो थेट समुद्र दिसल्यावर खाली ठेवला. मधे दोन पूल आले. बस त्यांवरून गेली नाही. हवेतून, त्यांच्याही वरून गेली.

“बार्बा, बसला डिझेल लागतं,” पांदेलीस म्हणालाच शेवटी. “आणि खाली रस्ता.”

इथे कोपऱ्यात शेंगा सोलत बसलेल्या एव्हांथियाने मान वर केली. हो, ती इथेच बसली आहे, तिची गोष्ट तिच्या पाठीमागे सांगायची पद्धत आपल्याकडे नाही. ती म्हणाली, “सांगू दे रे त्याला, पांदेली. त्या दिवशी बस खरंच लवकर पोचली.”

ऐकलंत? तर संग्रहालय. सगळी काच. आतलं बाहेर दिसतं, पण आत जायचं दार कुठे ते दिसत नाही. पोलिक्सेनी दोनदा भिंतीतून जायला निघाली. आत एका मोठ्या दालनावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं, ‘विवाह’. तिथे लाकडाच्या नवऱ्या उभ्या होत्या, अंगावर खरे झगे, खरी नाणी, खरी भरतकामं. तोंडं मात्र नव्हती. तोंडाच्या जागी नुसतं गुळगुळीत लाकूड. मधोमध एक खांब आणि खांबावर बटण.

एका गिऱ्हाइकाच्या लहान मुलीने बटण दाबलं, आणि छतातून एव्हांथिया रडायला लागली.

मुलगी टाळ्या पिटत गिरकी घ्यायला लागली. तिच्या आईने मोबाइल काढला. गाणं संपलं. मुलीने पुन्हा बटण दाबलं. झीसिसला पुन्हा पेटीत ठेवलं गेलं, पुन्हा हातोडी वाजली. पुन्हा संपलं. पुन्हा बटण. आपल्या गावात माणूस एकदा मरतो. चाळिसाव्या दिवशी त्याला उकडलेले गहू देतात आणि जाऊ देतात. इथे त्याला सकाळी दार उघडल्यापासून संध्याकाळी दार लावेपर्यंत कोणी जाऊ देत नव्हतं.

खांबावर पाटी होती. हाइडोने चष्मा लावून ती मोठ्याने वाचली. “डोंगराळ भागातील विवाहगीत. मातेचा आनंद आणि कन्या-वियोगाची हुरहुर यांचा मनोज्ञ संगम. शेवटी स्त्रिया वधूवरांना ‘जगा!’ असा आशीर्वाद देतात.”

“कोण कन्या?” पोलिक्सेनीने विचारलं.

“मनोज्ञ म्हणजे काय?” एव्हांथियाने विचारलं.

“चांगलं असावं,” हाइडो म्हणाली. “ह्या लोकांना सगळंच चांगलं वाटतं.”

मग संचालक आला. तरुणच होता, सूट भारीतला, बूटही भारीतले, आणि बुटांत मोजे नाहीत. हाइडोची नजर त्याच्या उघड्या घोट्यांवरून हलेना. “राजधानीत लोकर मिळत नाही का, बाळा?” तिने विचारलं. तो हसला. फार गोड हसायचा तो. संतापलेल्या माणसाला गोड हसणाऱ्यासारखं दुसरं सरपण नाही.

“किरा एव्हांथिया, बाईसाहेब,” तो म्हणाला, “केवढा मान आमचा! तुम्ही आमच्या दालनाचा आत्मा आहात.”

“हे लग्नाचं गाणं नाही,” एव्हांथिया म्हणाली. “हा माझा मुलगा आहे. बंद कर.”

त्याने तोंडावर दुःख आणलं. तेही चांगल्या शिंप्याने शिवलेलं. “हं. शक्य आहे. पण नोंद ज्यांनी केली ते फार मोठे अभ्यासक होते.”

“मोठा होता, खरं आहे. माझी पालकाची पिटा सबंध ताट खाल्ली त्याने. आम्हाला म्हणाला, पाद्रीबाबांचा पाहुणा आहे, वाट चुकलो. मयताच्या घरी आलेल्याला उपाशी पाठवत नाही आम्ही. टेपचं खोकं त्याने कोटाखाली ठेवलं होतं ते आज कळतंय. शेवटी मी कोणाचं नाव घेत होते, एवढं तरी विचारायचं ना त्याने! तिथेच तर होता, हात लांब केला तर पेटीला लागला असता.”

“बघा ना,” संचालक म्हणाला, “त्यांनी ते टिपलं नसतं तर आज तुमचा आवाज नष्ट झाला असता. आम्ही तो वाचवला, किरा.”

“कोणापासून?”

तो पाटीवरची नसलेली धूळ पुसायला लागला.

“नाही, सांग ना. कोणापासून वाचवलास? माझ्यापासून? मी त्याला माझ्या पोराबरोबर पुरला होता. तो तिथे सुखरूप होता. तू तो उकरून काढलास आणि त्याला बटण लावलंस!”

आता लोक जमायला लागले. ज्या बाईने मोबाइल काढला होता तिने तो खाली ठेवलाच नव्हता. संचालकाने आवाज उतरवला. म्हणाला, पाटी बदलायची तर समिती बसावी लागते. समितीत सगळे विद्वान. शिवाय हे गाणं आता बऱ्याच ठिकाणी गेलं आहे, विमानात वाजतं, लग्नांत वाजतं, लोकांना त्यातून आनंद मिळतो. आनंद काढून घ्यायचा म्हणजे जबाबदारीचं काम. “आणि खरं सांगायचं तर,” तो म्हणाला, “हा आवाज तुमचाच आहे, याला काही आधार? म्हणजे माझा विश्वास आहे हो! पण समितीला दाखवायला. तुम्ही इथे दोन ओळी गाऊन दाखवल्यात तर?”

पोलिक्सेनीने क्रूस काढला. हाइडोसुद्धा क्षणभर गप्प झाली, आणि असं तिच्या लग्नातही झालं नव्हतं.

“मयत नसताना मयताचं गाणं म्हणत नाहीत, साहेब,” हाइडो म्हणाली. “ज्या छपराखाली म्हणाल तिथून कोणीतरी उचललं जातं.”

“अहो, पण हे घर नाही,” तो हसत म्हणाला. “संग्रहालय आहे.”

एव्हांथिया त्या बिनतोंडाच्या नवऱ्यांकडे बघत उभी राहिली. गायचं म्हणजे झीसिसला पुन्हा समोर आडवा ठेवायचा, ह्या काचांमध्ये, ह्या लोकांसमोर, ह्या बिनमोज्याच्या माणसाची खात्री पटावी म्हणून. तिच्या छातीत गाणं उभं होतं, जागेवरच होतं, इतक्या वर्षांत एक शब्द हलला नव्हता. पण ते त्याचं होतं. ते देणार नव्हती ती. एकदा चोरीला गेलेली गोष्ट दुसऱ्यांदा स्वतःच्या हाताने द्यायची?

आणि मयत नसताना गाता येत नाही, हे खरं. मग मयत आणावं लागेल.

“तुझं नाव काय, मुला?” तिने विचारलं. आवाज एकदम मऊ.

“लेआंद्रोस.”

“आई आहे?”

“आहे ना. पात्रासला असते.”

“लग्न?”

“नाही अजून.”

“बरं झालं,” एव्हांथिया म्हणाली, आणि डोक्याचा काळा रुमाल सोडला. मग वेणी सोडली. पांढरे केस कमरेपर्यंत खाली आले.

पोलिक्सेनीला कळलं. तिने खालचा सूर धरला. जमिनीतून आल्यासारखा तो सूर आला, आणि दालनातल्या काचा बारीक थरथरायला लागल्या. मग एव्हांथियाने उचललं.

नवरदेव सजला माझा, लेआंद्रोस सजला माझा. पात्रासहून आई निघाली, वाटेत तिला कोणी सांगू नका. सूट नवा, बूट नवे, पाय का रे उघडे तुझे, खाली गारठा फार असतो.

तिथे हाइडोने वळवलं. हाइडोने वळवलं की दगडाला पाझर फुटतो, हे वाक्य लोक उगाच म्हणतात; त्या दिवशी दालनातल्या संगमरवरी खांबाच्या खाली खरोखर पाणी साचलं आणि सफाईवाली बाई फडकं घेऊन आली. पहिल्या नवरीच्या डोक्यावरचा मुकुट पडला. मग दुसरीच्या. मग सगळ्या लाकडी नवऱ्यांचे मुकुट एकापाठोपाठ एक घरंगळत संचालकाच्या पायाशी आले. पांढरे झगे कडेकडेने काळे पडायला लागले. शेजारच्या दालनात जुन्या चित्रांतले संत होते, ते सगळे पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि अजून तसेच आहेत, जाऊन बघा. पहारेकऱ्यांनी टोप्या काढल्या. त्यातला एक आपल्याच भागातला होता, तो तर गुडघ्यावर आला आणि म्हणाला, साहेब, तुम्ही गेलात हो!

संचालकाने स्वतःचा हात धरून बघितला. गार. नाक धरून बघितलं. गार. पिकलेल्या बिहीच्या फळासारखा पिवळा पडला तो. “थांबवा!” तो म्हणाला. “आजी, पाया पडतो, थांबवा!”

“उचललेलं मधेच ठेवता येत नाही,” हाइडोने दोन ओळींच्या मधे त्याला ऐकवलं. “आडवा हो. लवकर संपेल.”

आणि तो झाला की आडवा! तिथेच, त्या खांबाच्या खाली, हात छातीवर घेऊन. एव्हांथिया त्याच्या डोक्याशी बसली आणि तिने त्याच्या लहानपणापासूनचं सगळं गायलं. शाळेत शिकला, परदेशी शिकला, सगळ्यांचं सगळं गोळा करून काचेत ठेवलं, आणि एकदाही कोणाला विचारलं नाही, हे तुमचं आहे का? विचारलं असतं तर आज वाचला असतास रे, लेआंद्रोस. गर्दीतले लोक रडायला लागले. समितीतले विद्वान वरच्या मजल्यावरून धावत खाली आले आणि तेही रडायला लागले, आणि रडता रडता त्यांना कळलं की अरे, हे लग्नाचं नाही!

तेव्हा मग तो संचालक उठला, रांगत रांगत त्या खांबापाशी गेला, आणि बटणाची वायर त्याने स्वतःच्या हाताने उपटली. दालनात अशी शांतता झाली, की बाहेरच्या रस्त्यावरची कबुतरंसुद्धा चालायला लागली, उडेनात. पाटी त्याने दातांनी काढली. टेप आणली, तीच, जुनी, खोक्यातली, आणि दोन्ही हातांवर घेऊन एव्हांथियासमोर धरली. म्हणाला, माफ करा, आई. ती टेप घेऊन तिघी त्याच बसने परत आल्या. आणि एव्हांथियाने ती वर चर्चच्या मागे नेली, झीसिसच्या उशाशी माती उकरली, आणि पुरली. तेव्हापासून त्या दालनात बटण नाही, आवाज नाही, आणि आपला झीसिस...

“पुरे.”

एव्हांथियाने शेंगांची परात बाजूला ठेवली होती.

“बस उडवलीस, मी बोलले नाही. संतांची तोंडं फिरवलीस, फिरव. खांब रडवलास, मला आवडलं ते. पण हे नको सांगूस. हे खोटं आहे.”

“अगं, गोष्टीला शेवट...”

“कोणी वायर उपटली नाही. टेप दिली नाही. मी गायले, ते खरं. त्याचं नाव घेऊन गायले, शेवटपर्यंत. आणि संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी. तोही वाजवत होता, डोळ्यांत पाणी आणून. म्हणाला, अद्भुत, किरा, अद्भुत. आणि सगळं टेप करून घेतलं होतं त्यांनी. मिर्सिनी गेल्या रविवारी जाऊन आली तिथे. आता बटण दाबलं की दोन वाजतात. आधी माझा झीसिस, मग तो लेआंद्रोस. आणि पाटीवर लिहिलंय, विवाहगीतं.”